व्हँकोमायसिन देताना परिचारिकेची दक्षता

प्रतिजैविक, म्हणजे जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध, डॉक्टर लिहून देतात. पण ते रुग्णाच्या शिरेत कोणत्या वेगाने जाते हे परिचारिकेच्या हाती असते, आणि व्हँकोमायसिनच्या बाबतीत या वेगाला फार महत्त्व आहे. बोर्निओच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले आणि १९५८ पासून वापरात असलेले हे औषध, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या गंभीर संसर्गात आजही मोठा आधार आहे.

पहिल्या डोसपूर्वी ॲलर्जीविषयी केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत नाही; पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती की नुसते मळमळले होते, हे रुग्णाकडून किंवा नातेवाइकांकडून काढून घ्यावे लागते. कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, रक्तही शक्यतो तेव्हाच घ्यावे, कारण औषध रक्तात मिसळल्यावर ते वाढतीलच असे नाही. मात्र सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णाचा डोस त्यासाठी खोळंबून ठेवू नये.

मोठ्या माणसाला एक ग्रॅम व्हँकोमायसिन साधारणतः किमान २०० मिलीलिटर सलाईनमध्ये मिसळून किमान ६० मिनिटांत दिले जाते. ते घाईने सोडले तर शरीरातील हिस्टामाइन हे द्रव्य मोकळे होऊन चेहरा, मान आणि छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाबही घसरतो. अशा वेळी औषध थांबवून, रक्तदाब आणि श्वास तपासून डॉक्टरांना तत्काळ कळवावे. त्रास ओसरल्यावर त्यांच्या सल्ल्याने तेच औषध बहुधा अधिक संथ गतीने देता येते. ही प्रतिक्रिया खऱ्या ॲलर्जीहून वेगळी असते. म्हणूनच केसपेपरवर ‘व्हँकोमायसिनची ॲलर्जी’ एवढेच लिहिणे घातक ठरते, कारण तो शेरा पुढे वर्षानुवर्षे रुग्णाची पाठ सोडत नाही आणि ऐन गरजेच्या वेळी उपयोगी औषध नाकारले जाते; त्याऐवजी डोस किती मिनिटांत गेला, लाली केव्हा आली आणि कुठवर पसरली, हे स्पष्ट नोंदवावे.

हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणू शकते, जेंटामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकासोबत तर अधिकच, म्हणून लघवीचे प्रमाण आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी यांवर लक्ष ठेवावे लागते. ते क्वचित कानांवरही परिणाम करू शकते, म्हणून कानात आवाज येतो का, हे वृद्ध रुग्णाला मुद्दाम विचारावे; अनेकजण ते वयाचेच दुखणे समजून सांगत नाहीत. रक्तातील औषधाची किमान पातळी पाहायची असेल, तर नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी आणि शक्यतो औषध न गेलेल्या हातातून घेऊन नमुन्याची नेमकी वेळ लिहावी.