अवकाशातील वादळ आणि सावित्रीचे खोरे

(महाड-पोलादपूर परिसरातील नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२२ जुलै २०२१ हा दिवस महाडकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले, वीज गेली आणि तिच्या पाठोपाठ मोबाईलचे मनोरेही मुके झाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. परंतु तळियेची वार्ता बाहेर पोहोचणेच दुष्कर झाले होते. रस्ते तुटलेले, दूरध्वनी बंद. मदतपथके गावात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डोंगर का कोसळला, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. वार्ता का पोहोचली नाही, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

आजचा विषय त्या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. विद्युतचुंबकीय स्पंद, म्हणजे ज्याला ‘ईएमपी’ म्हणतात तो, ऐकायला शास्त्रीय कादंबरीतला वाटतो. वस्तुतः त्याची नोंद साठ वर्षांहून जुनी आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट केला. तेथून चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे सुमारे तीनशे दिवे विझले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोविएत रशियाने कझाकस्तानवर असाच प्रयोग केला, तेव्हा शेकडो किलोमीटर लांबीची दूरध्वनीची तार निकामी झाली आणि जमिनीखालची विजेची केबलही वाचली नाही. स्फोटातील गॅमा किरण वातावरणातील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि त्यातून निमिषार्धाहूनही कमी वेळाचा तीव्र आघात भूमीवर उतरतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांना घातक असतो तो हा. त्यामागून सेकंद-मिनिटांच्या संथ गतीने येणारा दुसरा परिणाम लांबलचक वीजवाहिन्यांत प्रवाह निर्माण करतो आणि मोठ्या रोहित्रांना तापवतो.

हा संथ परिणाम घडवायला शत्रूच लागतो असे नाही. सूर्यही तो घडवतो. आणि या गोष्टीचा साक्षीदार रायगड जिल्ह्यातच आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १ आणि २ सप्टेंबर १८५९ या दिवसांत आलेले सौर वादळ ज्ञात इतिहासातील अत्यंत प्रबळ वादळांपैकी एक. अमेरिकेत तारयंत्राचे कर्मचारी बॅटऱ्या काढून ठेवून केवळ त्या आगंतुक प्रवाहावर संदेश पाठवत होते. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील घट सुमारे सोळाशे नॅनोटेस्ला इतकी नोंदली गेली. जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह हीच नोंद वापरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मापन बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. ट्राम गेल्या, अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे. शहराच्या सोयीने शास्त्राला बाधा येईल, हे ती सोय सुरू होण्यापूर्वी ओळखणारी माणसे होती, ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

१३ मार्च १९८९ रोजी १८५९ पेक्षा पुष्कळ सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था अवघ्या दीड मिनिटात कोसळवली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले.

आता कोणी म्हणेल, महाडने १९९४, २००५ आणि २०२१ चे पूर पाहिले, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल वाहून गेलेला पाहिला. त्यात या नव्या संकटाची भर कशाला? शंका रास्त आहे. भीतीचा बाजार मांडणारे लोक या विषयातही आहेत आणि पहिल्या आघाताने नेमके किती नुकसान होईल यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. परंतु एक फरक ध्यानात घेतलाच पाहिजे. २०२१ मध्ये महाड बुडाले तेव्हा पुणे-मुंबई चालू होते. मदत बाहेरून आली. वीज आणि संपर्क एकाच वेळी संपूर्ण राज्यात गेले, तर ‘बाहेर’ अशी जागाच उरत नाही. अतिउच्च दाबाचे मोठे रोहित्र दुकानात मिळत नाही. ते मागणीनुसार बनते आणि त्याला वर्ष-दीड वर्षही लागते. तेव्हा जे वाचवायचे ते आधी आणि इथेच वाचवायचे.

रोहित्रांच्या भूसंपर्कात आगंतुक प्रवाह रोखणारी साधने बसवणे, हे काम महापारेषणचे. सौर वादळाची पूर्वसूचना देणे शास्त्रज्ञांचे. भारताचे आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडे लक्ष ठेवून आहे. अण्वस्त्राच्या स्पंदाला मात्र पूर्वसूचना नसते. तिथे आधी केलेली तयारीच कामाला येते.

ही तयारी फार खर्चिक नाही. रुग्णालयाचे जनित्र बहुधा असते, पण आज त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. ते हाताने चालू करता येते का, हे एकदा पाहायला हवे. नियंत्रकाचा सुटा भाग झाकण घट्ट बसणाऱ्या, फट न राहणाऱ्या धातूच्या पेटीत ठेवता येतो. दोन बिनतारी संच आणि त्यांच्या बॅटऱ्याही तशाच पेटीत राहू शकतात. पोलादपूरला एका बाजूस कशेडी घाट, दुसऱ्या बाजूस आंबेनळी; दोन्हीकडे दरड आली की घाटरस्ते बंद होतात. तेथे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत निरोप नेणारा संच गावकऱ्यांच्या हाती असावा, आणि तो वापरता येणारी दोन तरी माणसे असावीत. नळयोजनेचा पंप थांबला की नळ थांबतो. म्हणून बुजत चाललेल्या विहिरी आणि नादुरुस्त हातपंप हाही याच विषयाचा भाग आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. रासायनिक प्रक्रिया चालू असताना थंड पाण्याचे पंप आणि नियंत्रक संगणक एकदम बंद पडले, तर भट्टीतील तापमान वाढतच जाते. आपत्कालीन शीतकरण विजेविना, उंचावरच्या टाकीतून केवळ उताराने होऊ शकते का? प्रत्येक कारखान्याला हे विचारण्याचा अधिकार शेजारच्या गावांना आहे.

रायगड किल्ला याच महाड तालुक्यातला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गरचनेविषयी सांगताना, एका पाण्यावर विसंबू नये, तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून आणखी टाकी बांधावीत, असा आशय आहे. गडाला एकच दरवाजा असणे हाही त्यांनी दोष मानला आहे. महाड नगरपालिकेचे पाणी, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाण्याचा बिनतारी संच आणि तहसील कचेरी या चार ठिकाणी आज दुसरा दरवाजा आहे का, याची पाहणी पावसाळ्यापूर्वी एका दिवसात होऊ शकते. मुख्य कळ बंद करून दोन तास काम चालवून पाहावे आणि काय बंद पडले त्याची यादी करावी. ती यादी तलाठी आणि सरपंचांकडे छापील कागदावर असावी. संगणकातील यादी त्या दिवशी उघडणार नाही.