सायकलीची वाट



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही सायकलीसारखा क्षुद्र विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भिलाईत तरी सायकलीला क्षुद्र म्हणता येणार नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेथे राबणारे हात पुढे कित्येक वर्षे सायकलीवरूनच कामावर गेले. पाळी सुटताच रस्ताभर वाहणारा तो लोंढा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. काहीजण तर त्यातलेच आहेत.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात रस्त्यांच्या कडेला सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले होते. ते काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करण्याचे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२५ साली ठरविले. मार्ग ओस पडले आहेत आणि शेजारी वाहने खोळंबली आहेत, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. रुग्णवाहिका अडकते तेव्हा रिकामी पट्टी डोळ्यांत सलते, हेही आम्ही नाकारीत नाही.

तथापि, मार्ग ओस का पडला, हे प्रथम विचारले पाहिजे. ज्या मार्गावर मोटारी उभ्या राहतात, जो घरापासून स्थानकापर्यंत अखंड जात नाही, त्यावर कोण जाईल? नदीवर अर्धाच पूल बांधावा आणि लोक पलीकडे जात नाहीत म्हणून तो पाडावा, असा हा न्याय झाला. शिवाय रुंद केलेला रस्ता नव्या मोटारींनी पुन्हा भरतो. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याची आजची कोंडी पाहावी.

हा वाद आपल्याच देशात आहे असेही नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने टोरांटोच्या तीन प्रमुख रस्त्यांवरील सायकलमार्ग काढण्यासाठी २०२४ साली कायदा केला. त्याने सायकलस्वारांच्या जीविताला धोका वाढेल आणि वाहतुकीची कोंडीही फुटणार नाही, असे म्हणून तेथील न्यायालयाने २०२५ मध्ये ते मार्ग काढणे घटनाबाह्य ठरविले.

कबूल करावयास हवे, की आम्ही स्वतः आज येथे मोटारीतून आलो. आमची सायकल जिन्याखाली गंजत पडली आहे. पण आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाई, कंत्राटी मजूर आणि शाळकरी मुले यांची सायकल गंजलेली नाही. त्यांच्या वाटेचा निर्णय बहुधा आमच्यासारखे, सायकलीवरून केव्हाच उतरलेले लोक घेतात. रस्ता काढणारी फाईल ज्याच्या टेबलावर येईल, त्याने सही करण्यापूर्वी एक दिवस त्या रस्त्यावरून सायकल चालवावी, एवढीच आमची सूचना आहे.

आम्हीही उद्या चाकांत हवा भरून प्रारंभ करू म्हणतो.