ध्वनिरूपांतरकाची डागडुजी : भाग आणि त्याची जागा



तबकडीवर अथवा संगणकाच्या स्मृतीत निव्वळ आकड्यांच्या रूपाने साठवलेले गाणे पुन्हा विद्युत्‌प्रवाहाच्या सलग रूपात आणून देणारे जे यंत्र, ज्याला जाणकार मंडळी आपसांत नुसते ‘डॅक’ म्हणतात, त्याची पेटी उघडावी, कारखान्याने बसवलेले भाग काढावेत, त्यांच्या जागी अधिक नावाजलेले भाग बसवावेत आणि आवाज सुधारून घ्यावा, ही हौस गेल्या चार दशकांत जगभर पसरली आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हातात यादी घेऊन एकेका दुकानाची पायरी चढणारे हौशी तिथल्या दुकानदारांच्या चांगले परिचयाचे आहेत. या हौसेविषयी मला मनापासून आदर आहे, कारण आपण रोज वापरतो त्या वस्तूचे अंतरंग समजून घेण्याची इच्छा मुळातच दुर्मिळ. तथापि या उद्योगात पैसा आणि परिश्रम बहुधा चुकीच्या क्रमाने खर्ची पडतात असे माझे मत आहे. ख्याती ऐकून भाग विकत घेतला जातो, आणि मंडलात त्या जागी त्याच्यावर कोणती कामगिरी सोपवलेली आहे याची चौकशी मागाहून होते, किंवा होतच नाही. हा क्रम उलटावा, एवढ्यासाठी आजचे हे व्याख्यान.

प्रथम थोडा हिशेब मांडू. कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक कानासाठी दर सेकंदाला 44,100 नमुने असतात. हा आकडा अनेकांना चमत्कारिक वाटतो. आरंभीच्या काळी आकड्यांतला ध्वनी साठवण्यास चित्रफितीचीच यंत्रे तेवढी समर्थ होती, आणि सेकंदाला चित्राची 60 क्षेत्रे (फील्ड), प्रत्येक क्षेत्रात उपयोगाच्या 245 रेषा व प्रत्येक रेषेवर 3 नमुने या गुणाकारातून तो ठरला. प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर उभा असतो. वादकयंत्राच्या मागच्या खोबणीतून पूर्ण पातळीला साधारण 2 व्होल्ट (आरएमएस) बाहेर पडतात असे धरले, तर शिखरापासून दरीपर्यंतच्या पूर्ण झोक्यात एका पायरीची उंची अवघी 86 मायक्रोव्होल्ट भरते. वीजपुरवठ्यातून एक मिलिव्होल्टाची घरघर जर या मार्गात शिरली, तर ती अकरा पायऱ्या एकाच वेळी झाकून टाकील. हे परिमाण ध्यानी धरले म्हणजे पुढचा पुष्कळसा वाद आपोआप मिटतो.

उदाहरणादाखल मी एकच रूपांतरक घेतो, कारण त्याच्या अंतरंगाचा तपशील उपलब्ध आहे आणि हौशी मंडळींनी सर्वांत अधिक हात याच्यावर चालवला आहे. फिलिप्स कंपनीचा टीडीए 1541ए हा अठ्ठावीस पायांचा आयसी 1980च्या दशकातील कितीतरी सीडी प्लेअरांत होता. सोळा बिटांच्या रूपांतरकात सर्वांत वरच्या बिटाचा प्रवाह सर्वांत खालच्या बिटाच्या 32,768 पट असावा लागतो, आणि हे प्रमाण अचूक राखणे सिलिकॉनच्या तुकड्यावर जवळपास अशक्य, कारण एका प्रवाहाचे दोन समान भाग करू म्हटले तरी ते तंतोतंत समान कधी होत नाहीत. यावर फिलिप्समधील रूडी व्हान डे प्लाश यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेली युक्ती मला आजही अत्यंत सुंदर वाटते. त्यांनी दोन भाग समान करण्याचा अट्टाहास सोडला. त्याऐवजी दोन्ही प्रवाहांच्या जागांची झपाट्याने आळीपाळीने अदलाबदल केली, म्हणजे एका क्षणी जो किंचित मोठा तो पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूला, आणि सरासरी काढता दोन्ही बाजूंना बरोबर निम्मे माप. या अदलाबदलीतून जी बारीक लहर मागे उरते ती शोषून घेण्यासाठी त्या आयसीच्या भोवती चौदा छोटे कपॅसिटर लावलेले असतात, दोन्ही कानांसाठी सात-सात.

आता या चौदा जागांकडे पाहा. येथे कपॅसिटरचे काम संगीत वाहून नेण्याचे नाही. संगीत त्यांच्यातून जातच नाही. अदलाबदलीची लहर जमिनीत उतरवणे एवढीच त्यांची नेमणूक आहे, आणि ती पार पाडण्यासाठी शंभर नॅनोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर, आयसीच्या पायाला शक्य तितका खेटून, पाय आखूड कापून, स्वच्छ जमिनीशी जोडलेला असला की पुरते. प्रत्यक्षात मात्र अनेक पेट्यांत या जागी अंगठ्याएवढे किमती कपॅसिटर, लांब तारांवर झुलणारे, बसवलेले आढळतात. ती तार स्वतःच अँटेना होते आणि सुधारणेच्या नावाखाली बिघाड पदरात पडतो. शिवाय ते बसवण्याच्या भरात मंडलाची जुनी एकपदरी पाटी तापते. कथिल निघत नाही म्हणून सोल्डरिंग आयर्न तसेच दाबून धरले की तांब्याचा ट्रॅक पोपड्यासारखा सुटून वर येतो. अशा ठिकाणी आधी थोडे ताजे कथिल व फ्लक्स लावावा, जुने कथिल वितळून एकजीव झाले की पंपाने एका झटक्यात ओढून घ्यावे, आणि पाय हलका झाल्यावरच भाग उपसावा. या आयसीच्या मुकुटाची खूण असलेल्या निवडक प्रतींना बाजारात भरमसाट भाव मिळतो, आणि म्हणूनच नकली ठसे मारलेला मालही फिरतो. साध्या प्रतीभोवतीचे चौदा कपॅसिटर नीट बसवणे हा त्याहून शतपट हिताचा व्यवहार आहे.

वीजपुरवठ्याचा मामला याहून महत्त्वाचा, आणि हौशी मंडळी तेथेच सर्वांत कमी रमतात. याच आयसीला तीन वेगवेगळ्या दाबांची वीज लागते : अधिक 5, उणे 5 आणि उणे 15 व्होल्ट. या तिन्ही वाटांवर जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांच्या पोटात द्रव असतो, आणि तो रबरी बुचातून वर्षानुवर्षे बाष्परूपाने निघून जातो. तो सुकला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, साठवण घटते आणि लहर पुढे निसटते. अशा भागांचे आयुष्य कारखानदार तासांत सांगतात, उदाहरणार्थ 105 अंश तापमानाला 2,000 तास. आणि तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे, म्हणजे 65 अंशांवर तोच भाग 32,000 तास टिकावा. यावरून दोन गोष्टी निघतात. चाळीस वर्षांच्या यंत्रातले हे कपॅसिटर तपासून बदलणे हा चैनीचा खर्च नव्हे, ती थकलेली देखभाल आहे. आणि दाब स्थिर राखणाऱ्या रेग्युलेटरच्या उष्ण पत्र्याला खेटून उभा असलेला कपॅसिटर आधी मरतो, म्हणून पाहणीला तेथूनच आरंभ करावा. मात्र येथेही विवेक हवा. अंतर्गत रोध जितका कमी तितके चांगले, हा समज सर्वत्र लागू पडत नाही. कमी दाबफरकावर चालणारे काही रेग्युलेटर असे आहेत की त्यांच्या पुढच्या कपॅसिटरात थोडा रोध असावा अशी त्यांची अटच असते, आणि तो नसला तर ते स्थिर राहत नाहीत. अट कारखानदाराच्या तपशीलपत्रात लिहिलेली असते; वाचण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते.

आता ऑप-ॲम्प, म्हणजे विद्युत्‌संकेताचे वर्धन करणारा आयसी आणि या हौसेतला सर्वांत लाडका भाग. एनई 5532 हा आयसी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून ध्वनियंत्रांत चालत आला आहे, आणि इंग्रज अभियंते डग्लस सेल्फ यांनी आपल्या ग्रंथांतून त्याची बाजू वारंवार व समर्थपणे मांडली आहे. तो काढून त्याच्या जागी एलएम 4562सारखा नवा आयसी टाकावा, ही सर्वत्र आढळणारी शिफारस. नव्याचा व्होल्टेज-गोंगाट कमी आहे, दूषितता कमी आहे, हे निर्विवाद. पण जुन्याची वर्धन-पट्टी (गेन-बँडविड्थ) 10 मेगाहर्ट्झची, तर नव्याची 55 मेगाहर्ट्झची, आणि एवढ्या चपळ भागाला जुन्या पाटीवरच्या लांबलचक वाटा पुष्कळदा सोसत नाहीत. तो कित्येक मेगाहर्ट्झवर आपोआप स्पंदू लागतो. कानाला ते स्पंदन ऐकू येत नाही. आयसी गरम होतो आणि आवाजावर एक धूसरपणा चढतो, ज्याला काही जण मोठ्या समाधानाने ‘उबदारपणा’ म्हणतात. उपाय स्वस्त आहे. आयसीच्या चौथ्या आणि आठव्या पायांमध्ये, पाटीच्या खालच्या अंगाने, शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर थेट जोडावा आणि ऑसिलोस्कोपवर रेघ स्वच्छ झाल्याची खात्री करून घ्यावी. ऑसिलोस्कोप जवळ नसेल त्याने हा बदल करू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

नमुने बाहेर सोडण्याची वेळ ठरवणाऱ्या घड्याळाविषयी थोडक्यात बोलतो. नमुना बाहेर पडण्याचा क्षण जर पुढे-मागे डळमळला तर आकडा बरोबर असूनही आवाज चुकतो. 20 किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या स्वरावर अर्ध्या पायरीचीही चूक होऊ नये म्हटले, तर हा डळमळाट 121 पिकोसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटी भागांपैकी 121 भागांच्या आत असावा लागतो. तथापि नवे, महागडे घड्याळ जर त्याच घरघरत्या वीजपुरवठ्यावर बसवले तर ते जुन्याइतकेच डळमळते. म्हणजे पुन्हा वीजपुरवठा.

बदल केल्यानंतर निवाडा कसा करावा, हा शेवटचा आणि अवघड प्रश्न. जे मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, ही मनुष्यस्वभावातली पक्की खोड आहे. म्हणून जुन्या आणि नव्या यंत्रांच्या पातळ्या एक दशांश डेसिबलच्या आत जुळवल्याशिवाय तुलनेला आरंभच करू नये. 2 व्होल्टांवर हा फरक अवघा 23 मिलिव्होल्टांचा. स्वस्त मल्टीमीटर उंच स्वरांवर भरवशाचे नसतात, तेव्हा जुळवणीसाठी 100 हर्ट्झचा स्वर घ्यावा. त्यानंतर दुसऱ्या कुणाला पडद्याआडून यंत्रे बदलायला सांगावे आणि आपण कागदावर उत्तरे नोंदवावीत. 2007 साली मायर आणि मोरान या दोघा अमेरिकन संशोधकांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या मार्गात साध्या सोळा-बिटी रूपांतराचा फेरा गुपचूप घालून पाचशेहून अधिक चाचण्या घेतल्या, आणि श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीहून सरस ठरली नाहीत. याने हौशी माणसाने नाउमेद होऊ नये. सुकलेले कपॅसिटर आणि स्पंदणारा ऑप-ॲम्प यांचे दोष पडद्याआडूनही ओळखू येण्याइतके ढळढळीत असू शकतात. जे ओळखू येत नाही त्याच्यावर पैसा घालू नये, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः परीक्षेसाठी तंबोऱ्याचे मुद्रण पसंत करतो. नीट जवारी लावलेल्या तंबोऱ्यात एका छेडीतून स्वयंभू स्वरांची जी रांग उलगडत जाते, षड्जाच्या पोटातून गांधार हळूच वर येतो, तो यंत्रात कोठेही गोंगाट अथवा दूषितता असेल तर झाकोळतो. आणि आपल्या संगीतात वाढलेल्या कानाला हा गांधार कोठे असावा हे शिकवावे लागत नाही.

या सर्व विवेचनातून एक मागणी निघते, ती या व्यासपीठावरून मांडतो. भागाची जागा कळण्यासाठी मंडलाचा नकाशा लागतो, आणि तो त्या त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आपल्याकडे दुरुस्तीची जुनी दुकाने एकामागून एक बंद होत आहेत, आणि त्यांच्या फडताळांतली ही पुस्तके रद्दीच्या भावाने जात आहेत. आपल्या गावच्या ग्रंथालयांनी व तंत्रनिकेतनांनी त्यांची एक स्वतंत्र दप्तरशाखा करावी, यंत्राच्या नावानुसार यादी लावावी आणि ज्याला पेटी उघडायची आहे त्याला ती टेबलावर बसून पाहण्याची मुभा द्यावी. ज्या श्रोत्यांच्या घरी अशी पुस्तके असतील त्यांनी ती टाकून न देता या व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे आणून दिली, तर या कामाला येत्या पावसाळ्यापूर्वीच आरंभ करता येईल.