ग्रंथ कुणापाशी बसून वाचला?

नांदेडला जाऊन आलेली माणसं मला नेहमी भेटतात. सचखंड हुजूर साहिबाचं दर्शन झालं, लंगरमध्ये पंगतीला बसलो, काय त्यांची शिस्त, काय ती सेवा, असं भरभरून सांगतात. मी विचारतो, आत पाठ चालला होता तो कशाचा? की समोरचा माणूस विषय बदलतो. गोदावरीच्या काठी १७०८ साली दहाव्या गुरूंनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिलं, तो गुरू ग्रंथ साहिब तिथं अखंड वाचला जातो, गायला जातो, आणि आपण जेवणाचं कौतुक करून एस.टी. पकडतो. रागावू नका, पण असं आहे खरं.

ग्रंथाची ओळख करून देण्यात मी वेळ घालवणार नाही. १४३० अंगं, म्हणजे पानं, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं, हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०१५ साली साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून ते सगळं येऊन गेलं. मला बोलायचंय ते या ग्रंथाचा अर्थ कुणी लावायचा याविषयी. गेली दीडशे वर्षं त्यावरून भांडण चाललंय, आणि ते साधारणपणे असं मांडलं जातं की आतल्यानं अर्थ सांगावा की बाहेरच्यानं? शिखानं की गोऱ्या प्राध्यापकानं? मला हा प्रश्नच उगाच वाटतो. विचारायचं ते एवढंच: या माणसानं ग्रंथ कुणापाशी बसून वाचला? दहा मिनिटांत मी हे पुन्हा पुन्हा म्हणेन. म्हणू द्या.

जुन्या वाड्यात नवा भाडेकरू येतो, ते आठवा. मालक तिथंच जन्मलेला. माजघराच्या कोपऱ्यात ओल आली आहे, पण त्या वासाची त्याला इतकी सवय झालेली असते की त्याच्या लेखी ओल नाहीच. भाडेकरू पहिल्याच दिवशी नाक मुरडतो आणि म्हणतो, इथं पाणी मुरतंय. त्याचं बरोबर असतं. पण हाच भाडेकरू दुसऱ्या दिवशी देवघराच्या दाराला डोकं आपटतो आणि म्हणतो, सुताराला माप कळत नव्हतं. दार ठेंगणं का केलंय हे त्यानं मालकाच्या आईला विचारलेलं नसतं. तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

अर्न्स्ट ट्रम्प हा असा भाडेकरू. जर्मन पंडित, संस्कृत, सिंधी, पश्तो जाणणारा. अडाणी म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. १८६९ साली लंडनच्या इंडिया ऑफिसनं त्याच्याकडे आदिग्रंथाच्या, म्हणजे याच ग्रंथाच्या, भाषांतराचं काम दिलं. तो लाहोरला आला, अमृतसरच्या ग्रंथींना भेटला, त्यांना अर्थ विचारले आणि ठरवून टाकलं की या लोकांना स्वतःच्या ग्रंथातलं काही कळत नाही. ग्रंथासमोर बसून तो सिगार ओढायचा आणि धूर पानांवर जायचा, असं सांगतात. १८७७ साली त्याचं पुस्तक निघालं. ग्रंथाच्या काही भागाचंच भाषांतर, आणि वर प्रस्तावनेत शेरा की हे सगळं विस्कळीत आणि उथळ आहे. शीख समाज दुखावला नसता तरच नवल. फरीदकोटच्या राजानं पंडित बसवून संपूर्ण ग्रंथावर टीका लिहून घेतली, ती या दुखण्यातूनच.

आता गंमत बघा. त्या फरीदकोटी टीकेवर पुढच्या शीख अभ्यासकांनीच बोट ठेवलं, की यात वेदान्त फार घुसलाय. लिहिणारे घरचेच होते, पण काशीकडच्या शास्त्राध्ययनाची सवय असलेले. मालकानं घराचं वर्णन शेजारच्या वाड्याच्या नकाशावरून लिहिलं म्हणा ना. आपण मराठी माणसं तरी दुसरं काय करतो? ‘अहो, हे तर आपल्या तुकोबांसारखंच!’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. असेलही सारखं. पण कुठे सारखं आणि कुठे वेगळं, हे बघायच्या आतच मिटतो.

ट्रम्पनंतर आला मॅक्स आर्थर मेकॉलिफ. आयरिश माणूस, पंजाबात सनदी अधिकारी. १८९३ साली त्यानं ती नोकरी सोडली आणि १९०९ साली सहा खंडांत शीख धर्माचा ग्रंथ ऑक्सफर्डकडून छापून घेतला. हा कुणापाशी बसला? भाई काह्न सिंग नाभांसारख्या जाणकारांपाशी. भाषांतर तयार झालं की शीख विद्वानांना दाखवायचा, ते म्हणतील तसं दुरुस्त करायचा. म्हणून आजही शिखांच्या घरी त्याचं नाव मायेनं घेतात. पण मेकॉलिफ इतका अदबशीर, की मालक म्हणाला ओल नाही, तर यानंही लिहिलं ओल नाही. त्या काळच्या सुधारक शिखांचा जो आग्रह, तोच त्याच्या पानांत उतरला. शिवाय त्यानं सामानही हलवलं. मूळ ग्रंथ रागांनुसार लावलेला आहे, एकतीस राग. श्रीरागानं सुरुवात होते. मेकॉलिफनं पदं उचलली आणि एकेका गुरूच्या चरित्रात नेऊन ठेवली. वाचायला सोयीचं झालं, पण राग गेला. आणि ज्या ग्रंथाची रचनाच गाण्यासाठी आहे त्यातून राग गेला म्हणजे… रेडिओच्या श्रोत्यांना मी हे काय सांगावं.

थोडं रागाबद्दल बोलतो, कारण भाषांतरकार इथंच घसरतात. बहुतेक शबदांत, म्हणजे ग्रंथातल्या पदांत, ‘रहाउ’ अशी खूण असलेली ओळ येते. गाताना ते ध्रुवपद, परत परत घोळवायची ओळ. नुसतं वाचणाऱ्याला ती मधल्या चार ओळींतली एक वाटते. भाई साहिब सिंगांसारखे भाष्यकार म्हणतात, शबदाचा गाभा तिथं आहे, बाकीच्या ओळी तिच्याकडे बघून लावा. कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही; कीर्तन गाणारा रागी ती ओळ वीस वेळा म्हणतो! ज्यानं ग्रंथ फक्त टेबलावर ठेवून वाचला, त्याच्या भाषांतरात ती ओळ तिसऱ्या क्रमांकावर निमूट बसलेली असते. म्हणून मी पुन्हा म्हणतो, कुणापाशी बसून वाचला?

दुसरी अडचण याहून मुळातली आहे. जुन्या हस्तलिखितांत शब्द तोडलेले नसतात. सगळी ओळ सलग, तिला लडीवार म्हणतात. शब्द कुठे तोडायचा हे ठरवलं की निम्मा अर्थ ठरला. आपल्याला हे नवीन नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या बघितलेल्यांना ठाऊक आहे. तर, शब्द तोडून छापावं की नाही यावर शिखांमध्येच वाद झाला. अजूनही सलगच वाचावं म्हणणारे आहेत, कारण तोडणारा कोण, हा प्रश्न येतो ना! हा वाद पूर्णपणे घरातला. बाहेरचा प्राध्यापक तिथं नव्हताच.

साहिब सिंगांनी केलेलं काम मोठं आहे. १९३९ साली त्यांचं गुरबाणी व्याकरण आलं आणि १९६२ ते १९६४ या काळात गुरू ग्रंथ साहिब दर्पण हे दहा खंडांचं भाष्य. ते संस्कृतचे जाणकार, हिंदू घरात जन्मून शीख झालेले. त्यांनी दाखवलं की शब्दांच्या शेवटी येणारे ऱ्हस्व उकार-इकार, जे उच्चारात ऐकूसुद्धा येत नाहीत, ते शोभेचे नाहीत. त्यातून वचन कळतं, विभक्ती कळते. ज्ञानेश्वरीतही नामांच्या शेवटी असा उकार दिसतो. अपभ्रंशाकडून दोन्ही भाषांना मिळालेलं हे देणं. आणि तरीही परंपरेनं अर्थ सांगणारे ज्ञानी म्हणाले, अर्थ गुरुमुखातून यावा, व्याकरणातून नव्हे. मला विचाराल तर दोन्ही हवं. पण याचं उत्तर एवढ्यावर संपत नाही, आणि माझ्यासमोर घड्याळ आहे.

आता ज्या नावानं अजूनही पंजाबात आवाज चढतात त्यावर येतो. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड. न्यूझीलंडचा, मिशनरी म्हणून आलेला; पुढे त्याची स्वतःची श्रद्धाच गेली, आणि तेही त्यानं लिहून ठेवलं. बटाल्याच्या कॉलेजात शिकवायचा, पंजाबी शिकला. १९६८ साली त्याचं गुरू नानकांवरचं पुस्तक आलं. त्यानं जनमसाख्या, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रकथा, चाळणीतून काढल्या आणि म्हणाला, नानकांच्या आयुष्याबद्दल खात्रीनं सांगता येईल असं फार थोडं उरतं. बगदादच्या प्रवासाचा पुरावाही टिकत नाही. घरात वादळ उठलं. त्याच्याविरुद्ध जाडजूड पुस्तकं लिहिली गेली, हेतूंवर शंका घेतल्या गेल्या. पण भांडणाऱ्यांपैकी थोडेच जण हे सांगतात की त्याच पुस्तकाचा मोठा भाग नानकांच्या शिकवणीवर आहे, आणि तो साख्यांवरून नाही, बाणीवरून, म्हणजे नानकांच्या स्वतःच्या रचनांवरून, लिहिलेला आहे. भाडेकरूनं ओल दाखवली एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मालकाचा राग मला कळतो, बरं का. कागद तपासणाऱ्यासाठी ती हस्तलिखितं आहेत, शिखासाठी ते गुरू आहेत. रात्री सुखासनात निजवायचे, पहाटे प्रकाश करायचा, म्हणजे उघडून मांडायचे. अशा ग्रंथाच्या पाठाचा मसुदा सापडला, आणि गुरूंनी ओळी बदलत नेल्या, असं कुणी लिहिलं तर ते नुसतं संशोधन राहत नाही. पशौरा सिंगांच्या बाबतीत तेच झालं. स्वतः शीख. टोरांटोला मॅक्लाउडच्या मार्गदर्शनाखाली १९९१ साली प्रबंध पूर्ण केला. व्यापाऱ्याकडून विद्यापीठानं घेतलेल्या एका हस्तलिखितावर त्यांनी भर दिला. विरोधक म्हणाले, ती पोथी नंतरची आहे. १९९४ साली त्यांना अकाल तख्तापुढे, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठापुढे, बोलावलं गेलं आणि त्यांनी तनखाह, म्हणजे धार्मिक शिक्षा, स्वीकारली. त्याआधी पियार सिंगांवरही तीच वेळ आली होती, आणि ते तर अमृतसरचेच अभ्यासक. सांगा आता, आतला कोण, बाहेरचा कोण? पोथी जुनी की नवी, हे कागदावरून, शाईवरून, अक्षराच्या वळणावरून ठरायला हवं होतं. शिक्षा दिल्यानं पोथीचं वय ठरत नाही. हे माझं मत, आणि ते मी नांदेडच्या माझ्या शीख मित्रांसमोरही बोलतो. ते माझ्याशी भांडतात आणि मग जेवायला वाढतात.

नामदेवांवर आलंच पाहिजे, नाहीतर पत्रं येतील. ग्रंथातल्या नामदेवांच्या पदांत ‘बीठल’ येतो. आपण लगेच म्हणतो, बघा, आमचा विठोबा अमृतसरला! साहिब सिंग म्हणतात, नाही, इथं पंढरपूरची मूर्ती अभिप्रेत नाही, निराकार परमेश्वर आहे. आपल्याकडचे काही अभ्यासक म्हणतात, हे नामदेवच दुसरे. प्रत्येकाला आपापल्या घरचा नामदेव हवा आहे. इथं भाडेकरू आपण आहोत हे मराठी माणसाच्या ध्यानातच येत नाही. आपल्याला वाटतं आपण मालक! ही पदं कुठे ठेवली आहेत ते तरी बघा. रागात आधी गुरूंची बाणी, आणि भगतांची असेल तर ती शेवटी. आणि कबीर, फरीद यांच्या श्लोकांमध्ये गुरूंनी मधूनमधून स्वतःचे श्लोक घातलेत, त्यांना उत्तर म्हणून, कधी पुरवणी म्हणून. म्हणजे अर्थ लावायचं काम ग्रंथाच्या आतच सुरू झालेलं आहे. फरीदाच्या शेजारी बसून तिसऱ्या गुरूंनी त्याला उत्तर दिलं, आणि फरीदाची ओळ न खोडता दिलं. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे एकदा नीट वाचावं.

वारकऱ्यानं ग्रंथीपाशी बसून ‘बीठल’ वाचावा, ग्रंथीनं वारकऱ्यापाशी बसून गाथा ऐकावी. नांदेडसारखी जागा याला दुसरी नाही. तिथं दोघंही आहेत, बहुतेक एकाच रस्त्यावर.

असं एकत्र बसणं घडलंही आहे. क्रिस्टोफर शॅकल हे इंग्रज आणि अरविंदपाल मंदैर हे शीख घरातले. दोघांनी मिळून २००५ साली गुरूंच्या निवडक रचनांचं भाषांतर काढलं. एक बाहेरचा, एक आतला, एकाच पानावर. त्याविषयी मला बरंच सांगायचं होतं, आणि निक्की-गुनिंदर कौर सिंग यांच्याविषयीही. इंग्रजी भाषांतरांनी परमेश्वराला बायबलातल्यासारखा पुरुष करून टाकला, ही त्यांची तक्रार आहे, आणि घरच्या भाषांतरकारांनीही तेच केलं असं त्या म्हणतात. ते महत्त्वाचं आहे, कारण गुरुमुखीत जिथं… पण काचेपलीकडून खूण झाली आहे. बातम्यांची वेळ झाली म्हणतात.