स्प्रिंग नव्हे, नळी!

आज बग कोडमधला नाही, रायफलमधला.

मी अमेरिकेत राहतो. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांची विंचेस्टर १८९४ आहे. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली लिव्हर रायफल. हिचं मॅगझिन म्हणजे बॅरलखालची लांब नळी. आतली स्प्रिंग फॉलोअरला ढकलते, फॉलोअर काडतुसांना मागे ढकलतो. पण शेवटची दोन काडतुसं येतच नव्हती.

मी लगेच म्हणालो, "स्प्रिंग थकलीय, ताणू या."

आजोबा म्हणाले, "आधी उघडून तर बघ."

रायफल रिकामी आहे ना, हे दोघांनी दोनदा तपासलं. टोकाचा स्क्रू काढताना टोपणावर हात दाबून धरला, नाहीतर स्प्रिंग उसळते. मग लाकडी काठीने फॉलोअर सरकवला, तर मागच्या टोकाजवळ अडकला. नळीला तिथे बारीकसा पोचा! वर सुकलेल्या तेलाचा चिकट थर.

थर आम्ही साफ केला. पोचा मात्र बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून आतून काढून घेतला. स्प्रिंग तीच, जुनीच. डमी काडतुसं घालून पाहिलं, सगळी सुरळीत आली.

अशा नळीत एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं, म्हणूनच हिच्यासाठी चपट्या टोकाच्या गोळ्या वापरायची पद्धत आहे. तिथे अडकलेल्या गोष्टीवर नुसता जोर वाढवणं, हा माझा 'फिक्स' होता!

सोमवारी ऑफिसात टाइमआउट वाढवण्याआधी मी लॉग उघडला. भेटू या!