शस्त्रक्रियेने होणारे बाळंतपण

शस्त्रक्रिया होऊन मूल झाले म्हणजे बाईच्या अंगी बळ नव्हते, असे आपल्या घरांतून अजूनही बोलले जाते. आम्हांस ते मान्य नाही. मूल आडवे असेल वा वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर हाच मार्ग सुरक्षित होय.

मात्र दिवस आधी ठरविता येतो म्हणून पंचांग उघडू नये. अन्य कारण नसता ३९ आठवड्यांपूर्वी काढलेल्या बाळास श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक; मुहूर्ताने फुप्फुसे पक्व होत नाहीत.

भूल बहुधा पाठीच्या कण्यात देतात. कमरेखालचे अंग बधिर होते, पण माता जागी असते. ओढल्यासारखे वाटते, दुखत नाही. काही मिनिटांतच बाळाचे रडणे कानी पडते. पुढचा अर्धा-पाऊण तास टाक्यांचा.

खरी कसोटी त्यानंतर. बाळंतिणीने सव्वा महिना खाटेवरून उठू नये, ही आपली रीत येथे घातक ठरू शकते. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. म्हणून २४ तासांच्या आत तिला उठवून चालवितात. टाके ओढतात, डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी सासूबाईंनी परिचारिकेशी वाद न घालता सुनेला हात द्यावा. खोकताना पोटावर उशी धरावी. पहिला चीक टाकू नये, बाळास पाजावा. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये. पाण्याची बादली घरातील पुरुषांनी उचलल्यास आमची हरकत नाही.

ताप, टाक्यांतून पू, एकाच पोटरीस सूज, धाप किंवा वाढता रक्तस्राव दिसल्यास काढा उकळीत बसू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.