नमुना नीट, तर निदान नीट



गेल्या पावसाळ्यात असोद्याचे एक दादा सकाळीच भेटले. गाय आठ दिवस हगवणीने खंगली होती. तिचं शेण त्यांनी लोणच्याच्या बरणीतून आणलं होतं. विचारलं, "केव्हाचं हो?" म्हणाले, "कालचं. गोठ्यातून उचललं." त्यात माती होती, मातीतले किडे होते, बरणीला मीठ होतं. अशा नमुन्यातून काय कळणार? ताजं शेण आणवलं तेव्हा जंतांची अंडी दिसली आणि नेमकं औषध मिळालं. पण वाया गेलेला दिवस त्या मुक्या गायीने सोसला.

म्हणून नमुना कसा द्यावा, ते सांगतो.

१) आधी पशुवैद्यक डॉक्टरांना दाखवा. नमुना शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वी द्या. इंजेक्शननंतर रोगजंतू सापडतीलच असं नाही.

२) शेण जमिनीवरचं नको. हातात स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालून थेट गुदद्वारातून लिंबाएवढं घ्या. कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घट्ट बंद करून त्याच दिवशी पोचवा.

३) कासदाहासाठी सड धुऊन कोरडे करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पहिल्या धारा टाकून पुढचं थोडं दूध दवाखान्यातून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत धरा. सडांची सरमिसळ नको.

४) रक्त किंवा गाठीची खपली डॉक्टरांनाच घेऊ द्या. नमुना थर्मासात थंड ठेवा, पण थेट बर्फावर नको. रक्त गोठलं तर त्यातल्या पेशी फुटतात.

५) सोबत चिठ्ठी द्या. जनावराचं वय, किती आजारी, किती दगावली, केव्हापासून, कोणती लस आणि औषध दिलं, चारा बदलला का, हे सारं लिहा. फवारणीच्या विषाचा संशय असेल तर औषधाचा डबा दाखवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. जनावर एकाएकी मेलं आणि नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर फाशी रोगाचा संशय धरा. कातडं सोलू नका, चिरफाड करू नका. हवा लागली की जंतू टणक कवच धरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हा रोग माणसालाही होतो. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त डॉक्टर घेतील. मेलेलं जनावर त्यांच्या सल्ल्याने चुना टाकून खोल पुरा.

ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी आढळला. अंगावरची गाठ सर्वांना दिसते, पण ती लम्पीचीच की दुसऱ्या कशाची, हे तपासणीच पक्कं सांगते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग त्याचसाठी आहे. साथीच्या रोगाची खबर देणं २००९ च्या कायद्यानेही मालकाचं काम ठरवलं आहे. तेव्हा लपवू नका; दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत लगेच सांगा. तुमच्या एका खबरीने शेजारच्या दहा गोठ्यांचं रक्षण होईल.